बावीस ओळींची गिनती

आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. आत धूळ जाऊ नये एवढंच त्याचं कारण. पण आमचे शिपाई शंकरमामा यांनी त्या नियमाचा आपल्या परीनं अर्थ लावला होता. आत शिरताना ते उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत. खंडेनवमीला प्रत्येक टर्मिनलला झेंडूची माळ आणि मुख्य मशीनला हळदकुंकू, अक्षता. एका वर्षी त्या अक्षता फ्लॉपीच्या फटीत गेल्या आणि पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत तीन दिवस काम ठप्प. इंजिनिअरनं चिमट्यानं तांदळाचे दाणे एकेक करून बाहेर काढले आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

"पूजा केल्याबिगर यंत्र चालतंय व्हय?" मामा म्हणाले.

"पूजा केली म्हणूनच बंद पडलंय, मामा," मी म्हणाले. ते त्यांना निवृत्त होईपर्यंत पटलं नाही.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, साताऱ्यातली गोष्ट. पोवई नाक्याजवळ एका दुकानाच्या माडीवर आमचं केंद्र होतं. कॉलेजांच्या गुणपत्रिका, संस्थांच्या सभासदांच्या याद्या, पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या अशी कामं आम्ही करून देत असू. मी मूळची वाईची. बी.एस्सी. झाल्या झाल्या तिथं ऑपरेटर म्हणून लागले, पुढं सांगलीच्या शाखेत बदली झाली आणि तिथूनच निवृत्त झाले. मला बढत्या किती मिळाल्या, कधी मिळाल्या हे माझ्या नवऱ्यालाही आठवत नाही, तेव्हा ते इथं सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते माझ्या एका चाळ्याविषयी. त्या चाळ्यानं मला लोकांचं प्रेम दिलं आणि एकदा चांगलंच खाली बघायला लावलं.

आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्या पडद्यावर चित्र नावाचा प्रकारच नव्हता. काळा पडदा, हिरवी इंग्रजी अक्षरं. आडवी ऐंशी घरं आणि उभ्या चोवीस ओळी, संपलं. माउस नाही, खिडक्या नाहीत. मशीनला काय हवं ते टाइप करून सांगायचं, की ते मुकाट्यानं करायचं. यादी लावायची एक आज्ञा, शब्द शोधायची दुसरी, फाइल छापायची तिसरी. त्यातच 'बॅनर' नावाची एक आज्ञा होती. तिच्यापुढं एखादं नाव लिहिलं की मशीन ते नाव मोठ्ठं करून दाखवी, एकेक अक्षर बोटभर उंच, आणि तेही छोट्या छोट्या खुणांनी भरलेलं.

मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी माझं नाव तसं छापून दिलं. प्रिंटर करकरत होता, छिद्रांच्या कडांचा तो लांबलचक कागद वर सरकत होता आणि त्यावर 'मालती' उमटत होतं, इंग्रजीत. इतकं मोठं नाव मी कधीच पाहिलं नव्हतं. वाईला नेऊन दाखवलं तर वडिलांनी ते ओसरीत लावलं आणि आल्यागेल्याला सांगू लागले, "हिच्या ऑफिसात हिला फार मान आहे."

तेव्हापासून मला नादच लागला. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की मी खुणा मांडत बसे. मला दोसुतीवरच्या भरतकामाची सवय होती. आईनं शिकवलं होतं, घरं मोजून टाके घालायचे. इथं टाक्याऐवजी चांदणीची खूण. गडद हवं तिथं भरगच्च खूण, फिकट हवं तिथं नुसतं टिंब. मांजर झालं, मोर झाला, अजिंक्यतारा झाला. आमचे साहेब एकदा मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे ऑफिसचं मशीन आहे की भिशीमंडळ?" दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या नातीचं बारसं होतं. ते हळूच एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून गेले. तिच्यावर नाव लिहिलेलं होतं.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. नाव मोठं छापून देणारी बाई म्हणून मी नाक्यावर ओळखीची झाले. एकानं आपल्या बैलांची नावं छापून नेली. एक मुलगी मैत्रिणीच्या लग्नासाठी नावं छापायला आली आणि नवरदेवाचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं निघालं. 'बॅनर'च्या एका ओळीत दहाच अक्षरं मावत. शेवटची तीन अक्षरं मशीननं बिनदिक्कत तोडून टाकली. ती तशीच घेऊन गेली. म्हणाली, "घरात त्यांना तेवढ्यावरच हाक मारतात."

आणि एक गणपती मंडळ आलं. त्यांना अक्षरांचा गणपती हवा होता, मंडपात लावायला. मी आलेखाच्या कागदावर काढायला घेतला. सगळा काढायचा म्हणजे नाकी नऊ येणार, म्हणून एक युक्ती केली. ओळी उलट्या करणारी एक आज्ञा होती, आरशात बघितल्यासारखं करणारी. अर्धा गणपती काढला, उरलेला अर्धा त्या आज्ञेनं उलटा करून जोडला. सोंड तेवढी वेगळी घातली. झोकात छापला. घाईत पाठोपाठ दहा-बारा प्रती काढल्या. मंडळाचे अध्यक्ष बघायला आले आणि दोन पावलं मागं सरकले.

"आवं बाई, ह्यो उजव्या सोंडेचा!"

"मग?"

"मग काय? त्येचं सोवळं लय कडक. आमची पोरं मंडपात वडापाव खात बसत्यात, पत्ते कुटत्यात. कोण पाळणार त्येचं?"

मी सगळा गणपतीच त्या आज्ञेला दिला आणि उलटा करून घेतला. एका मिनिटात देव डाव्या सोंडेचा झाला. मंडळ खूश. उरलेल्या उजव्या सोंडेच्या प्रती मी रद्दीत टाकायला निघाले तर शंकरमामा आडवे आले. रद्दीत टाकायचे नाहीत, फाडायचे नाहीत, चुरगळायचे तर नाहीतच. माहुलीच्या संगमावर नेऊन सोडतो म्हणाले आणि कपाटावर ठेवून दिले. संगमाला जायचं काही जमलं नाही. ते गणपती तिथंच राहिले.

आबा आले ते यानंतर.

त्या वेळी आम्ही जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची यादी तयार करत होतो. तीत आपला तालुका चुकलाय असं कळल्यामुळं कोरेगावकडच्या एका गावातून ते एस.टी.नं आले होते. निवृत्त हवालदार. अंगानं काटक, पांढऱ्या मिशा, काठी धरायची ती बंदूक धरल्यासारखी. मी त्यांना पडदा दाखवत म्हणाले, "बघा आबा, आता बरोबर झालं का?"

त्यांनी मान तिरकी केली आणि पडदा सोडून भलतीकडंच बघितलं.

"मला दिसत न्हाई, बाई. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, डोळ्याचा मधला पडदा वाळलाय. चष्म्याचा उपेग न्हाई. कडंनं दिसतंय, ते बी मोठं आसलं तर."

मला काय सुचलं कोण जाणे. मराठी अक्षरं आमच्या मशीनला येत नव्हती, पण मी तोवर चांदण्यांची मराठी अक्षरं करून बघायला लागले होते. प्रत्येक अक्षराची एक छोटी फाइल. सरळ छापली तर चार-पाच अक्षरांत कागदाची रुंदी संपे, म्हणून मी ती आडवी निजवली होती, म्हणजे शब्द कागदाच्या लांबीत धावत जाई. फायली एकापुढं एक ओतल्या की झाली ओळ. शिरोरेघ कागदाच्या एका कडेनं रुळासारखी सरळ जायची. मी त्यांचं नाव तसं छापलं आणि कागद टेबलावर आडवा पसरला. आबा वाकले, मान तिरकी केली, बोट एकेका अक्षरावरून नेलं.

"बा. बू. रा. व."

मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नंतर ते बाकावर जाऊन बसले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. दोन वर्षांत त्यांनी वाचलेला तो पहिला शब्द होता.

पंधरा दिवसांनी ते परत आले. खिशात न फोडलेलं आंतर्देशीय पत्र. त्यांचा मुलगा संपत सैन्यात होता, त्या वेळी बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर. पत्र माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ह्ये तसं छापून द्या."

मी पत्र उघडलं. बारीक अक्षर, काठोकाठ भरलेलं. "आबा, हे घरी कोणी वाचून दाखवलं तर? सूनबाई आहेत की."

"सूनबाईला येगळं पत्र येतं. ह्ये माझं हाय. मला माझं मी वाचायचंय."

"मग स्केचपेननं कुणी मोठं लिहून..."

"लिवणारा बी माणूसच की, बाई. तुमचं मशीन आपल्या मनाचं काय घालत न्हाई, काय गाळत न्हाई."

वाचून दाखवणाऱ्यावर त्यांचा एवढा राग का, ते मी विचारलं नाही. ती दुपार आणि पुढच्या दोन दुपारी मी त्या पत्रात घालवल्या. लागेल तसं अक्षर करत गेले. वेलांट्या, उकार, जोडाक्षरं. 'क्ष' करताना तर रडकुंडीला आले. कागद वापरला तो जुन्या, चुकलेल्या छपाईचा पाठकोरा. छापून झालं की मामा आणि मी ओळीओळीच्या पट्ट्या कापायचो. एक ओळ म्हणजे पुरुषभर लांब पट्टी. गॅलरीत ऊन असायचं. तिथं त्या एकाखाली एक अंथरायच्या आणि आबा गुडघ्यावर बसून वाचत सरकायचे. आधी मात्र ते पट्ट्या मोजत. मग पत्र उन्हात वर धरून त्याच्या ओळी मोजत.

"अक्षर दिसत न्हाई," ते मला म्हणाले, "पर रांग दिसती. मुंग्यांची दिसती तशी. पलटणीत रोज सांजच्याला गिनती व्हायची. येक माणूस कमी पडला तर कुनी जेवायचं न्हाई."

दुसऱ्या पत्राच्या वेळी मी त्यांना सांगितलं, की संपतला एका ओळीत एकच वाक्य लिहायला सांगा, म्हणजे पट्टी कापायला सोपी जाते. तसं सूनबाईंकडून कळवलं गेलं. तिसरं पत्र त्या बेतानं आलं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

त्या दिवशी आबांनी माझ्यासाठी पिशवीभर वाघ्या घेवडा आणला होता. मोठ्या खुशीत होते. होळीला संपत रजेवर येणार होता. बाकावर बसून ते मामांना सांगत होते, की आला की त्याला घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला जायचंय, डोंगर पायी चढायचा नवस बोललाय. मी आत बसून पत्र मशीनवर चढवत होते. चौदा ओळी झाल्या. पंधरावी होती, "आता तुमचं तुम्ही वाचता, म्हणून लिहितो." आणि सोळावी, "डाव्या पायाची तीन बोटं बर्फानं गेली, कापावी लागली." सतरावी ओळ घेवड्याची चौकशी करणारी.

बाहेर आबा हसत होते. डोंगराच्या पायऱ्या किती, त्यावर मामांशी वाद घालत होते. मी सोळावी ओळ चढवली, पुसली, परत चढवली. आमच्या मशीनवर एक ओळ घालवायला 'डी' हे बटण दोनदा दाबायचं असे. एवढंच काम. मी म्हटलं, होळीला मुलगा घरी येईलच. समोर धडधाकट उभा दिसला की बोटांचं तेवढं वाटणार नाही. आज या माणसाला हे कागदावर कशाला? मी 'डी' दोनदा दाबलं. खालच्या ओळी वर सरकल्या. पंधराव्या ओळीत काय लिहिलं होतं, याचा मी विचारच केला नाही.

त्यांना परतीची एस.टी. गाठायची होती, म्हणून त्या दिवशी वाचन झालं नाही. मी घाईघाईनं भेंडोळं बांधून दिलं. ते जिना उतरून गेले आणि मला हायसं वाटलं. आपण चांगलं काम केलं असंही वाटलं, हे कबूल करते.

चौथ्या दिवशी आबा परत आले. बगलेत तेच भेंडोळं. चपला काढल्या, आत आले, माझ्या टेबलापुढं उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बाई, पत्रात बावीस हायत्या. पट्ट्या एकवीस."

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"तीन येळा मोजल्या. अंगणात हातरून मोजल्या. पोरगं म्हणतंय, तुमचं तुमी वाचताय म्हणून लिवतो. अन् लिवलं काय, तर घेवडा कसा हाय? त्येला मला घेवडा इचारायला धीर गोळा करावा लागतोय व्हय? मधी येक गडी गायब हाय."

"चुकून राहिली असेल, आबा," मी म्हणाले. नोकरीत मी खोटं फार कमी बोलले आहे. हे त्यातलं सर्वांत वाईट.

आबा मग बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"पलटणीत मी सातवी शिकलेला," ते म्हणाले. "माझ्या सेक्शनमधल्या निम्म्या गड्यांना वाचाय येत न्हवतं. सगळ्यांची पत्रं मी वाचायचो. निवृत्ती म्हणून माझा दोस्त हुता, खटावकडला. त्येच्या घरनं पत्र आलं, आई लय आजारी हाय, कवा येतोस. म्होरल्या चौकीवर निघायचा दिस हुता. म्हटलं, आता ह्येला कशाला. म्हटलं, उतरल्यावर सांगू. त्येवढं गाळलं अन् बाकीचं वाचलं. उतरायला तीन म्हैनं लागलं. तवर म्हातारी गेली. त्येला कळलं, पत्र आधीच आलं हुतं म्हणून. त्यानं मला मारलं न्हाई, बाई. शिवी बी दिली न्हाई. नुस्तं म्हणला, बाबू, माझ्या आईचं हुतं रं ते."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"त्येनं परत मला कवा पत्र वाचाय दिलं न्हाई. मी बी मायेनंच गाळलं हुतं. म्हणून मला ठावं हाय, माणूस कसा गाळतो ते. संपत बी आजवर मला सगळं ग्वाड ग्वाडच लिवायचा. त्येला ठावं हुतं, कुनीतरी वाचून दावणार. ह्या बारीला पैल्यांदा त्यानं मला सरळ कायतरी लिवलंय. अन् ते तुमी..."

मी म्हणाले, "आबा, मी गाळली. चुकून नाही. मुद्दाम गाळली." शंकरमामा दारात उभे होते, ते तिथून निघून गेले.

"छापा," आबा म्हणाले.

सोळावी ओळ मी परत चढवली. आबा उठून प्रिंटरपाशी गेले. कागद वर येऊ लागला तसे ते वाकून, मान तिरकी करून एकेक अक्षर वाचू लागले. मशीन एक अक्षर पुरं करायला काही सेकंद घेई आणि आबा त्याची वाट बघत. "डा. व्या. पा. या. ची." प्रिंटर करकरतच होता. "ती. न." मी भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी 'बोटं' वाचलं, 'बर्फानं' वाचलं. 'गेली' नंतर ते थांबले आणि उरलेलं मनात वाचलं. पट्टी पूर्ण बाहेर आली तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या हातानं फाडून घेतली.

"तीनच न्हवं?" थोड्या वेळानं ते म्हणाले. "कुठली ते लिवलं न्हाई. अंगठा आसला म्हंजे झालं. अंगठा आसला की माणूस चालतोय." आणि मग, माझ्याकडं न बघता, "तुमी रडू नका, बाई. तुमच्या जागी मी बी तेच केलं आसतं. केलंच हुतं."

मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी कागद मागितला. मोठा कागद आणि जाड पेन.

"कशाला?"

"मोठं वाचता येतंय तर मोठं लिवता बी यील की."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. त्या दिवशी पाठकोरा कागद नेमका संपला होता, सगळा त्यांच्याच पत्रांना लागला होता. नव्या कागदाची पेटी साहेबांच्या कुलपात. मी इकडंतिकडं बघत होते, तर शंकरमामा स्टूल घेऊन आले आणि कपाटावर चढले. त्यांनी त्या गणपतींतला एक खाली काढला, धूळ झटकली, पालथा करून टेबलावर ठेवला.

"मामा, उजव्या सोंडेचा आहे तो," मी म्हणाले.

"आसू द्या. देवाच्या पाठीवर लिवल्यालं वंगाळ व्हायचं न्हाई."

आबांनी मार्कर मुठीत धरला. अक्षरं वाकडी आली, एक ओळ वर गेली, दुसरी खाली उतरली. शिरोरेघा मात्र त्यांनी आडव्या, ठासून मारल्या. लिहून झाल्यावर मला म्हणाले, "वाचा." मी वाचलं, मोठ्यानं, जसंच्या तसं. "संपत. गिनती पूरी. चालत ये." आम्ही त्या कागदाच्या घड्या केल्या, मोठ्या पाकिटात घातला, आणि पत्ता मी लिहिला.

पुढं वर्षभरात माझी सांगलीला बदली झाली. तिथं नवी मशीन्स आली, रंगीत पडदे, माउस. मराठी अक्षर हवं तेवढं मोठं करायला एक बटण पुरेसं झालं. माझ्या अक्षरांच्या फायली साताऱ्याच्या जुन्या टेपवर राहिल्या. ती टेप वाचणारं यंत्रच पुढं मोडीत काढलं गेलं. आपण ती अक्षरं निदान कागदावर तरी छापून ठेवायला हवी होती, ही चुटपुट अजून आहे. 'क्ष'साठी तर फारच.

काही वर्षांनी एका सकाळी सांगलीच्या ऑफिसात चाळिशीकडं झुकलेला एक माणूस आला. आमच्या तिथं चपला काढायचा नियम तोवर संपला होता, तरी त्यानं दारात बूट काढले. डाव्या मोज्याचं टोक पोकळ होतं.

"मॅडम, मी संपत. आबांचा."

तो सैन्यातून निवृत्त होऊन काही वर्षं गावीच होता आणि आता इकडं एका कारखान्यावर सुरक्षेच्या नोकरीला लागला होता. आबा गेल्या पावसाळ्यात गेले, असं त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. मग बसला. खिशातून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली घडी काढली. घड्यांवर कागद झिजून फाटला होता आणि मागून चिकटपट्टी लावलेली होती.

"पाय बरा झाल्यावर मला खालच्या चौकीवर ठेवलं, तिथं भिंतीला लावला होता. बाकीचे म्हणायचे, गणपतीकडनं लाव. मी आबांकडनं लावायचो. मग तह झाला, आठवडाभर देव, आठवडाभर आबा." तो हसला. "उजव्या सोंडेचा बघून आमचे सुभेदार म्हणले, राहू दे, इथं बर्फात सोवळ्याला काय तोटा."

मला राहवलं नाही. मी त्याला सोळाव्या ओळीचं सांगून टाकलं. मी गाळली होती, हे सांगितलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "आबांनी सांगितलंय. तुमच्यावर राग न्हवता त्येंचा. आमी औंधचा डोंगर चढलो, दोघं बी, त्येंनी माझा खांदा धरलेला. वर गेल्यावर त्येंनी यमाईला तुमचं नाव घेऊन हात जोडले."

तो पुढं सांगू लागला. शेवटच्या दोन वर्षांत आबांना कडेनंही दिसेनासं झालं होतं. मोठी अक्षरंसुद्धा नाहीत. पट्ट्या मात्र पेटीत जपून ठेवलेल्या. रोज दुपारी त्या काढायला लावायचे.

"मग वाचायचं कोण?" मी विचारलं.

"मीच. आबा म्हणायचे, तू वाच. मी एकेक पट्टी वाचायचो आणि ते बोटांवर मोजायचे. बावीस झाल्या की म्हणायचे, पूरी. मग चहा."

"सोळावी?"

त्यानं तो कागद परत घडी घालून प्लॅस्टिकमध्ये ठेवला.

"ती दोनदा वाचायला लावायचे," तो म्हणाला.